वाव आहे

ओहोटी लागली होती आणि कौलांनी भरलेली आमची वाफेची बोट खाडीच्या उथळात शिरली. मागचं मोठं चाक पाण्याऐवजी गाळ उडवू लागलं. रुतली असती तर बोट कलंडलीच असती. पुढच्या टोकावरचा खलाशी काठी बुडवून खोली सांगत होता, "दीड वाव! एक वाव!" वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर. मग तो किंचाळला, "तांडेल, वाव नाय!"

तांडेलाने चाक उलटं फिरवायला लावलं. बोट कण्हत मागे सरली, काठी पुन्हा बुडली.

"आहे! वाव आहे!"

शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी लिहिलेलं असे, 'सुधारणेला वाव आहे.' इतके चांगले शब्द, आणि मी ते घरी लपवत असे.