बाराला पाच कमी

अमेरिकेतल्या अर्विंग शहरात, एका हॉटेलातल्या हॉलमध्ये मी खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळात सेल घालत होतो. मनात म्हणत होतो, आज आपल्या हातून झालेलं हे पहिलं उपयोगी काम.

सकाळपासून नुसतं चीज चाललं होतं. पाच देशांचा मुक्त व्यापार करार, बाकी सगळं ठरलेलं, अडलं चीजवर. माझं काम ‘रूल्स ऑफ ओरिजिन’चं, म्हणजे कोणती वस्तू कोणत्या देशाची धरायची, ते नियम लिहायचं. दूध एकाचं, चीज दुसऱ्याचं, मग कस्टम ड्यूटी माफ कोणाला? बाजूच्या खोलीत बसून एकच तक्ता मी नऊ वेळा बदलला. तो घेऊन हॉलमध्ये आलो, तर सगळे कॉफीला गेलेले. घड्याळात बाराला पाच कमी, माझ्या फोनमध्ये अडीच. घड्याळ उघडलं, तर आत सेलच नाही. एवढं मोठं हॉटेल, आणि सेल ढापतात! माझ्या माउसमधला काढून घातला, वेळ लावली.

मंडळी परतली. चीजवर रुसलेल्या देशाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख, सत्तरीचे गृहस्थ, घड्याळाकडे बघून फाइल मिटायला लागले.

"आमच्या सरकारने दुपारी बारापर्यंतच मुदत दिली होती. ती संपलेली दिसते."

माझी बॉस मार्था पांढरी पडली. "घड्याळ कोणी चालू केलं?"

"मी. सेल नव्हता त्यात."

"तो मी काढला होता!"

मुदत संपत आली, की वाटाघाटीत घड्याळच थांबवतात. काटा हलत नाही तोवर बारा वाजलेले नाहीत, असं सगळ्यांनी मिळून मानायचं. वीस वर्षं या धंद्यात काढली, पण कायम बाजूच्या खोलीत. मला कोण सांगणार?

"चढ वर," मार्था म्हणाली.

पाच देशांच्या देखत पुन्हा चढलो. काटे मागे फिरवले, सेल काढला. हॉलमध्ये आवाज फक्त माझ्या गुडघ्याचा. म्हातारबुवांनी चष्मा लावून घड्याळ नीट वाचलं. आमचं दोन वर्षांचं काम त्या चष्म्यावर लटकलेलं.

"पाच मिनिटं आहेत अजून," ते म्हणाले. "बसू या. पण तो तक्ता बदलून हवा."

सेल मार्थाने जप्त केला. दहावा तक्ता मी माउसशिवाय केला.

करार साडेपाचला झाला. अधिकृत नोंदीत, बारा वाजण्यापूर्वी.

घरी सगळं सांगितलं, तर बायको म्हणाली, "तिकडे बरा सेल घातलास! आपल्या किचनमधलं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे."

बंद दिसणारी प्रत्येक गोष्ट बिघडलेली नसते, एवढं मी शिकलो. किचनच्या घड्याळाबाबत चौकशी चालू आहे.