ओझ्याखाली गळणारी होडी

पेठ रस्त्यापासून आत, धरणाच्या फुगवट्यापलीकडे वीस-बावीस घरांची एक वाडी आहे. तिथून डांबरी रस्त्याला यायचं तर पाण्याला वळसा घालून अकरा किलोमीटर चालावं लागतं. होडीनं पंधरा मिनिटं लागतात. ही होडी तानुबाई चालवते. आधी तिचा नवरा देवराम चालवायचा. त्याचा गुडघा गेला तेव्हा तिनं वल्हं हातात घेतलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. होडी फायबरची, ग्रामपंचायतीची. आठवड्यातून तीन दिवस पहाटे वाडीतल्या चौदाजणी भाजीची गाठोडी घेऊन तिच्यात बसतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या पिकअपनं पंचवटीच्या भाजीबाजारात जातात.

दसरा होऊन दोन आठवडे झाले असतील. एका पहाटे मधल्या पाण्यात असताना भागीबाईनं पायाखालचं गाठोडं उचललं तर खालून कोथिंबीर ठिबकत होती. होडीच्या तळावर लाकडी फळ्या मांडलेल्या असतात आणि त्यांच्याखाली वीतभर पोकळी असते. ती पोकळी भरून पाणी फळ्यांवर आलं होतं. तानुबाईनं डब्यानं पाणी उपसत होडी काठाला लावली. कुणाला काही झालं नाही, पण उतरताना भागीबाईनं विचारलंच, "तानू, होडी पाण्यात चालवतीस का पाणी होडीत?"

बाया हसल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र एकही आली नाही. सगळ्या अंधारातच उठून वळशाच्या वाटेनं चालत गेल्या. चार दिवसांनी सरपंचांचा निरोप आला. बाया बसत नसतील तर होडी खालच्या गावाला देऊ, तिथून मागणी आहे. सोमवारपर्यंत काय ते कळवा. तो दिवस बुधवारचा होता.

देवरामनं लगेच तळाचं बूच धरलं. पाणी काढून टाकायला मागच्या बाजूला एक भोक असतं, त्याला रबरी चकती लावून बूच बसवतात. चकती झिजली असणार, असं त्याचं म्हणणं. तानुबाईनं जुन्या ट्यूबमधून नवी चकती कापून बसवली. मग तळाला एक जुनी चीर होती, तिच्यावर एमसील भरलं. गुरुवारी होडी काठावर ओढून दगडांवर टेकवली, विहिरीच्या मोटारीचा पाइप लावून आत फळ्यांपर्यंत पाणी भरलं आणि दोघं खाली वाकून बसले. आतलं पाणी बाहेर कुठून येतं ते दिसलं की काम झालं. तासभर वाट पाहिली. एक थेंब आला नाही.

"गळतच नाय," देवराम म्हणाला. "बायांच्या ओल्या पायांनी पाणी येतं."

"चौदा बायांच्या पायांनी सहा डबे?" तानुबाईनं विचारलं. देवराम गुडघा चोळत घरी गेला.

तानुबाई चौथी शिकलेली. पण पाण्याच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून काही मानत नाही. त्या संध्याकाळी तिनं होडी पाण्यात लोटून बांधली, पोकळीत दोन डबे पाणी ओतलं, एक काडी तळाला टेकवली आणि पाण्याच्या रेषेवर कोळशानं खूण केली. सकाळी काडी पुन्हा बुडवली. पाणी खुणेवरच होतं. म्हणजे रिकामी होडी गळत नव्हती. काठावर भरून पाहिलं तेव्हाही गळली नव्हती. पाणी आलं होतं ते फक्त बाया बसल्यावर. बाया बसल्यावर काय बदलतं? होडी खाली जाते. मग भोक अशा जागी असणार, जी एरवी पाण्याच्या वर राहते आणि ओझं चढल्यावर पाण्यात जाते. तळात शोधून ते कधीच सापडलं नसतं.

तिनं देवरामला उठवलं आणि खताच्या रिकाम्या गोण्या बाहेर काढल्या. दोघांनी मिळून वाळू भरली. एका बाईला एक गोणी, चार गोण्या गाठोड्यांच्या. देवराम प्रत्येक गोणीला बाईचं नाव देत होता आणि भागीबाईची गोणी सगळ्यांत जड भरली, असं त्याचं मत होतं. होडीतलं पाणी काढून तिनं पोकळी फडक्यानं कोरडी केली, फळ्या बाजूला ठेवल्या आणि चुलीतली राख चाळणीनं आत सगळीकडे पसरली, बाजूंच्या भिंतींवरही हातानं चोपडली. मग गोण्या एकेक करून चढवल्या. होडी हळूहळू बसत गेली.

शेवटच्या दोन गोण्या राहीपर्यंत काही नाही. मग मागच्या भिंतीवर, उजव्या कोपऱ्यात, करड्या राखेत एक काळी रेघ उमटली. ती खाली उतरली आणि तळाच्या राखेत वाटीएवढा काळा डाग पडला. तानुबाईनं रेघेवर बोट ठेवून ते वर नेलं. रेघ सुरू होत होती तिथं हरभऱ्याएवढं भोक होतं. गोल, स्वच्छ. दगडानं पडलेलं भोक असं नसतं.

तिनं देवरामकडे पाहिलं. देवराम पाण्याकडे पाहत होता.

दसऱ्याला होडीची पूजा देवरामच करतो. होडी चालवणं सुटलं तरी तेवढं त्यानं सोडलेलं नाही. दरवर्षी तो होडीच्या कडेवरच्या कड्यांना झेंडूची माळ बांधतो. यंदा माळ लांब झाली होती, टोक मागं लोंबत होतं, वाऱ्यानं उडत होतं.

"उडत व्हती म्हनून खाली येक खिळा मारला," तो म्हणाला. "वारभर पाण्याच्या वर मारला व्हता."

"वारभर? वीतभर म्हना," ती म्हणाली.

पण मग तिलाच आठवलं. खिळा होता तोवर भोक बुजलेलं होतं. वाळलेली माळ तिनंच ओढून काढली होती, खिळ्यासकट, आणि दोन्ही पाण्यात टाकून दिली होती. ती गोण्या उतरवायला लागली.

शुक्रवारी दुपारी ती गॅरेजमध्ये गाड्यांचे बंपर जोडणाऱ्या झुंबरकडून रेझिन, हार्डनर आणि फायबरच्या जाळीचा तुकडा घेऊन आली. होडी वर ओढून शनिवारी दिवसभर उन्हात वाळू दिली. ओल्यावर लावलेलं काही टिकत नाही. भोकाच्या कडा पॉलिश पेपरनं घासल्या, आतून-बाहेरून रेझिनमध्ये भिजवलेल्या जाळीचे तीन तीन थर दिले. रविवारी पुन्हा गोण्या, पुन्हा राख. दोन तास राख करडीच राहिली. गोण्या उतरवायच्या आधी तिनं होडीबाहेर, पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथं, ऑइल पेंटनं लाल रेघ ओढली. ही रेघ पाण्याखाली जाऊ द्यायची नाही, आणि रेघेच्या आसपास कुणी काही ठोकायचं नाही, पूजा असली तरी. देवरामनं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी ती भागीबाईकडे गेली आणि सगळं सांगितलं. खिळ्याचं सांगितलं, माळ आपणच ओढल्याचंही सांगितलं. भागीबाई ऐकून घेत होती, मेथीच्या जुड्या बांधत.

सोमवारी पहाटे काठावर पाचजणी आल्या. भागीबाई त्यांच्यात होती. ती मागं, उजव्या कोपऱ्यात बसली. मधल्या पाण्यात आल्यावर तिनं स्वतःच फळी उचलली, आत हात घालून तळ चाचपला आणि हात बाहेर काढून लुगड्याला पुसून पाहिला.

"कोरडं हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण आमी पाचच हाव. वज्झं कुठं पडलंय?"

तानुबाईनं वल्हं थांबवलं नाही. "उरलेल्यांना बुधवारी घिऊन ये," ती म्हणाली. "मंग पुन्यांदा हात घाल."

भागीबाईनं फळी जागेवर ठेवली आणि कोथिंबिरीचं गाठोडं तिच्यावर टेकवलं. पलीकडे उतरल्यावर तिनं पिकअपवाल्याचा फोन मागून घेतला आणि सरपंचांना कळवलं, की होडी हलवू नका, बुधवारी आम्ही चौदाजणी येतोय.