आज तिथ कंची?

दोन हजार चार साली, अकरा वर्षं मस्कतला काढून मी मुर्ध्याला परत आलो आणि तिसऱ्याच दिवशी नथूकाकांची होडी भर खाडीत चिखलात बसवली. होडीत बायको, दोन मुलं आणि पांढरे बूट घातलेला मी. साडेअकरा ते सहा आम्ही उन्हात बसून होतो आणि काठावरून गाव आम्हाला बघून जात होता.

मस्कतच्या बंदरात मी क्रेन चालवायचो. तिथे भरती-ओहोटी बघायला वेगळा माणूस पगारावर होता. आमच्याकडे तो माणूस म्हणजे नथूकाका, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सत्तरीचे, शिडशिडीत, बनियन आणि कमरेला रुमाल. कोणीही भेटो, 'बरा हायस का' वगैरे नाही, पहिला सवाल, "आज तिथ कंची?" विमानतळावरून घरी आलो तेव्हा मलाही तोच आला. मी ऐटीत इंग्रजी तारीख सांगितली. काका अंगणात जाऊन थुंकून आले.

पाणी चढलं, होडी तरंगली, मी कशीबशी काठाला लावली. काका म्हणाले, "आज एकादस. अकरा त्रिक तेहेतीस, चारानं भाग, सव्वाआठ. आपले दारान अर्धा घंटा उशीर. पावनेनऊला पानी भरला, मंग उतरनारच ना? घरान आयशीचा उपास दिसला न्हाय तुला?"

दिसला होता. तिच्या ताटातली अर्धी साबुदाण्याची खिचडी सकाळी मीच खाल्ली होती.

तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ. एवढ्यावर काकांनी पन्नास वर्षं होडी हाकली. एकदा खाडी मोजायला एक साहेब छापील पुस्तक घेऊन आले. "दहाला भरती," साहेब म्हणाले. काका म्हणाले, "ती मुंबैच्या बंदरान. आमचे दारान यायला तिला अर्धा घंटा लागतो." साहेब दहापासून घड्याळ धरून उभे. साडेदहाला पाणी चढायचं थांबलं, तेव्हा त्यांनी पुस्तकात पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं. काका म्हणाले, "माझा नाव पन लिवा."

काकांचे दोन्ही मुलगे नोकरीला. घोडबंदरचा एकजण होडी विकत मागत होता. मला मात्र परत क्रेनवर चढायचं नव्हतं, ही होडीच हवी होती. चिखलातून उठून आल्यावर हे बोलायला तोंड नव्हतं, तरी बोललो.

"पंधरा दिस," काका म्हणाले. "रोज इचारीन. एक डाव चुकलास, तर होडी घोडबंदरला."

मग हा माणूस मला कुठेही गाठू लागला. न्हाव्याकडे तोंडाला साबण असताना. काशीमीऱ्याच्या गॅरेजमध्ये मी गाडीखाली असताना. एकदा तर चालत्या रिक्षातून डोकं काढून, "ए मस्कत! तिथ?" रिक्षावाला विचारतोय, "चाचा, क्या हुआ?" बारा दिवस मी बोटांवर मोजून पास होत गेलो. तेराव्या दिवशी बोटं नवमी म्हणाली. का कोण जाणे, मी आत जाऊन कॅलेंडर बघितलं. नवमीचा क्षय होता. अष्टमीनंतर थेट दशमी.

"दशमी," मी म्हणालो. "दहा त्रिक तीस. साडेसातला भरती, आपल्या दारात आठला."

काकांनी तंबाखू मळायची थांबवली. "कोन सांगला?"

"कोणी नाही."

सोळाव्या दिवशी काका होडीत चढले ते पुढच्या टोकाला जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. पन्नास वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते. मी होडी बाहेर काढली, जाळं टाकलं, उचललं, पाणी भरत आलं तसा परत फिरलो. काकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. काका जाऊन आता काही वर्षं झाली, पण ती न वळलेली पाठ मी कोणालाही अभिमानाने सांगतो.

काठावर माणसं जमली होती. काका उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घोडबंदरवाल्याला सांगा, होडी घरान ऱ्हायली. माझा पुतन्या हाय ह्यो."

माझी छाती फुगली. तेवढ्यात काकी पाटी घेऊन पुढे आली. तिने तळाशी पडलेली चार बोईटं उलटीपालटी करून बघितली आणि काकांना म्हणाली, "होडी याला दिलीत, बरा केलात. आता मासं धरायला कोनाला ठेवताव?"