आबांनी वसवलेलं गाव

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत असं एकही गाव नसेल, जिथे आमच्या समोरच्या आबांचं कोणी घरचं माणूस नव्हतं. यात मी वाढवून सांगत असेन, तर फार थोडं. आबा एसटीचे ड्रायव्हर. सगळी नोकरी त्यांनी मुक्कामी गाडीवर काढली. म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला गाडी न्यायची, तिथेच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी परत आणायची. जिथे मुक्काम, तिथे कोणीतरी जेवायला घालायचं, आणि ज्यानं जेवायला घातलं तो आबांचा नातेवाईक. निवृत्त होईपर्यंत हा गोतावळा इतका वाढला होता की यावलच्या बाजारात आबांबरोबर डझनभर केळी आणायला गेलं, तर अर्धा दिवस रामराम करण्यातच जायचा.

ऐंशीच्या दशकात जळगावच्या बाहेर, काळ्या शेतात प्लॉट पडले आणि आमची कॉलनी उभी राहिली. पाइपच्या कारखान्यातले कामगार, डाळमिलमधले मुनीम, माझ्यासारखे मास्तर, अशी आम्ही कुठून कुठून आलेली माणसं. घरं इथे बांधली, पण गाव विचारलं की कोणी असोदा म्हणायचं, कोणी यावल. शनिवारी दुपारी सगळे पिशव्या घेऊन बसस्टँड गाठत आणि कॉलनीत कुत्री तेवढी उरत. आबांना हे बघवत नसे. ते कोपऱ्यावर उभे राहत आणि जाणाऱ्याला अगदी काळजीनं विचारत, "स्वतःचं गाव सोडून कुठं निघाले भाऊ?" त्यांच्या लेखी ही कॉलनी म्हणजेच गाव होतं. फक्त आम्हाला ते अजून कळलेलं नव्हतं, आणि कळेपर्यंत आबा आम्हाला सोडणार नव्हते.

आबा कोणाच्याही घरी गेले की ओसरीवर थांबत नसत, थेट स्वयंपाकघरात जात. पातेल्यावरचं झाकण उचलून बघत आणि तिथे काय शिजतंय ते पुढच्या घरी सांगत. मग पुढच्या घरची वाटी या घरी आणि या घरची वाटी तिसऱ्याच घरी अशी त्यांची वाहतूक चाले. वर्षभरात कोणाच्याच मांडणीवर स्वतःच्या वाट्या उरल्या नाहीत. मी कंपाउंडची भिंत बांधायला घेतली, तर ती गुडघ्याच्या वर येताच आबा तिच्यावर येऊन बसले. गवंडी हातात वीट घेऊन उभा, आणि आबा माझ्या बायकोला चहा टाकायला सांगताहेत. दुसऱ्या दिवशी सोबत आणखी दोघांना घेऊन आले. शेवटी गवंडी कंटाळून दुसऱ्या कामावर निघून गेला. पुढे प्रत्येकाच्या भिंतीचं असंच झालं. आमच्या कॉलनीतल्या भिंती बसायच्या उंचीच्या आहेत, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला अभिमान वाटतो.

हिवाळ्यात आबा भरीत करवत. कॉलनीतल्या एकाचं असोद्याला शेत होतं, तिथे सगळ्यांनी जायचं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, बडगीत म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची आणि केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची, असा नेम पडला होता. एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कोपऱ्यावरच्या घरात नवं बौद्ध कुटुंब राहायला आलं. नवरा टेलिफोन खात्यात, बायको दवाखान्यात नर्स. सामान उतरत असतानाच आबांनी नव्या माणसाला विचारायचा त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला होता, "तुमनं गाव कोनतं शे?" त्यानं धुळ्यापलीकडचं एक लहानसं गाव सांगितलं. "मंग तू तं आपलाच शे," म्हणून आबांनी त्याच्या डोक्यावरची ट्रंक आपल्या डोक्यावर घेतली. पण बाकीच्यांचं तसं नव्हतं. वाट्या त्या घरापर्यंत जाताना अडखळू लागल्या. भरताचा विषय निघाला तेव्हा असोद्याच्या शेतमालकाच्या आई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या बोलून गेल्या की त्यांना खुशाल बोलवा, जेवू घाला, पण पीठ-पाण्याला आपल्याच बायका असू द्या.

हे आबांच्या कानावर गेलं. ते भांडले नाहीत. कोणाला बोल लावला नाही. फक्त एवढंच सांगत घरोघर फिरले की या वर्षी शेतात जायचं नाही, भरीत कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणात होईल आणि भाकरी त्या घरच्या नर्सबाई थापतील.

रविवारी सकाळी आबांनी वांग्यांचं पोतं स्वतः ओढत त्या अंगणात नेलं आणि जाळ पेटवला. मी त्यांच्या मदतीला होतो. वांगी भाजून निघाली, सोलून झाली, तरी रस्त्यावर कोणी दिसेना. तो टेलिफोनवाला खाली मान घालून म्हणाला की आबा, राहू द्या, आमच्यापायी गावात वाकडेपणा नको.

आबांनी समोरची बडगी बाजूला सारली. "तुझ्या गावाला माझी गाडी मुक्कामाला असायची," ते म्हणाले. "एका थंडीत पोचलो तो अंगात ताप घेऊन. तुमच्या आळीतल्या एका माउलीनं घरात घेतलं, बरा होईपर्यंत आपल्या हातची भाकर खाऊ घातली. मी कोणाचा कोण, हे तिनं विचारलं नाही. आता माझ्या गावात तुला मी ते विचारत बसू?"

मी बायकोला बोलवायला वळलो, तर ती परात घेऊन फाटकात उभीच होती. मग शेजारची आली, तिच्या मागून मुनीमजी सहकुटुंब आले. आबा रस्त्यावर जाऊन गाडी सुटायच्या वेळी हाका मारतात तशा हाका मारू लागले आणि बघता बघता अंगण भरलं. सगळ्यात शेवटी असोद्याचा शेतमालक स्कूटरवरून आला. मागे अक्का बसलेल्या. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. अक्का उतरल्या, लुगडं सावरत चुलीपाशी गेल्या आणि नर्सबाईंच्या शेजारी बसल्या. परातीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "पीठ घट्ट भिजवलं माय तू. पानी घाल थोडं." आणि त्यांनी स्वतःच परातीत हात घातला. आबा धूर डोळ्यांत गेल्याचं सांगत तोंड पुसत होते. वांग्यांचा जाळ तर केव्हाच विझला होता आणि चूल अजून पेटायची होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आबा धुळ्याला मुलाकडे असताना गेले. मुलाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की मला गावी ने, आणि गाव कोणतं हे मुलाला वेगळं विचारावं लागलं नाही. त्यांना आमच्या कॉलनीत आणलं. तिरडीला खांदा देणाऱ्यांत तो टेलिफोनवाला पुढे होता.

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, तिथे चूल पेटत नाही. शेजारचे जेवण आणून देतात. त्या दिवशी स्मशानातून परतलो, तर कॉलनीत एकाही घरी चूल पेटलेली नव्हती. प्रत्येक घर स्वतःला दुःखातलं समजून बसलेलं, त्यामुळे जेवण आणून द्यायला शेजारी असा कोणी उरलाच नव्हता. दुपार कलल्यावर पलीकडच्या कॉलनीतली माणसं पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आली. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही बाजूंची घरं बघितली आणि माणूस नेमका कोणाच्या घरातला गेला, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. आमच्यातल्या कोणालाच ते सांगता येईना.