टिकलीखालचा डाग

माझी मोठी बहीण अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पूर्वी ती अकोल्याच्या एका दैनिकात दर रविवारी लिहायची. डांबराच्या गोळ्या, डासांची कॉइल, फवारणीच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलेलं पाणी, असले तिचे विषय. लेख पाठवण्याआधी ती तो फोनवर मला वाचून दाखवायची. मी इकडे बार्शीटाकळीत वैतागून म्हणायचे, "बाई, आता श्वास घेऊ का तोबी सोडू?" ती हसायची. त्या हसण्यासाठीच मी तिला छळायचे.

माझ्या कपाळावर पांढरा डाग पडला तेव्हा लग्न ठरलेलं होतं. आईने घाईघाईने मोठी टिकली लावली. डाग त्या टिकलीएवढा झाला. मग आणखी मोठी आणली. दिवाळीला बहीण घरी आली, तिने माझी टिकली ओढून काढली आणि बघतच राहिली. "आई, हे गोंदानं झालं. त्यातल्या रसायनानं पोरीची चामडी पांढरी पडून राहिली, अन् तू त्याच्यावरच टिकली चिकटवून राहिली!"

"लग्नापर्यंत टिकलीखाली दपू दे," आई म्हणाली. "मंग काढ."

बहिणीने त्यावर लेख लिहिला आणि नेहमीसारखा वाचून दाखवला. 'माझ्या घरातली एक मुलगी' एवढंच त्यात होतं. टिकली लावणाऱ्या साऱ्या बायांना हे कळायला हवं, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलं, मीच म्हटलं, छापून टाक. आमच्याकडे नाव न घेतल्याने काहीही झाकलं जात नाही, हे दोन शिकलेल्या बहिणींपैकी एकीलाही सुचू नये!

मुलाकडचे नांदगाव खंडेश्वरचे. रविवारी दुपारीच त्यांचा फोन आला. पोरीला कोड आहे आणि तुम्ही ते लपवलं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी बहीण एकटीच तिकडे गेली. हे कोड नाही, घराण्यात चालत आलेलं नाही, टिकलीच्या गोंदामुळे झालंय, असं सगळं तिने समजावून सांगितलं. मुलाच्या आईने चहा पाजला, नीट ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं सारं खरं असन," ती म्हणाली. "पण लोकायले मी काय सांगू?"

लग्न मोडलं. मी खूप रडले आणि रडून मोकळी झाले. त्या माणसाला मी पुरती ओळखतही नव्हते. बहीण मात्र रडली नाही, तिने लिहिणंच सोडलं. आता घरी आली की खिडकीकडे बघत माझ्याशी बोलते. माझं काळीज तुटतं ते तिथे. लग्नाचं मी कधीच विसरले.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात बांगड्या घ्यायला गेले होते. दुकानात शेजारी बसलेल्या बाईने माझं कपाळ बघून आपणहून सांगितलं, तिच्या पोरीलाही असाच डाग पडायला लागला होता. पेपरात वाचून टिकली बंद केली, तेव्हा कुठे तो थांबला. मी दुकानातूनच बहिणीला फोन लावला.

"तुया लेखानं एका पोरीचं कपाळ वाचलं. आता तरी लिही न!"

ती हळूच म्हणाली, "अन् तुहा डाग?"

"थांबला," मी म्हटलं.

टिकली सोडूनही तो आता भुवयांच्या खाली उतरला आहे. तिने एकदा माझ्याकडे बघितलं असतं तर तिला ते दिसलं असतं.