लांब बाह्यांचा स्वेटर

माझी वहिनी नर्स आहे. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हापासून एक गोष्ट ठरलेली. ती ड्यूटीवरून परत आली की आई दारातच विचारणार, "हात धुतलेस का?" दिवसभर हात धुण्यातच जिचा जन्म चाललाय, तिला. वहिनी "हो, आई" म्हणायची आणि आत जाऊन पुन्हा धुवायची. मी एकदा आईला म्हटलं, अगं, तिच्या हातांवर आता धुण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यावर आई म्हणाली की लग्न न करता घरात बसलेल्या मुलीनं मधे बोलू नये. मी बँकेत नोकरी करते, घरात बसत नाही, पण आईशी बोलताना असले तपशील उपयोगी पडत नाहीत.

आईला नर्स सून नकोच होती. दादानं ऐकलं नाही. मग दादावरचा राग काढायला तिनं त्यातल्या त्यात सोपं माणूस निवडलं. "परक्यांची घाण काढायची आणि त्याच हातानं आम्हाला वाढायचं," हे तिचं पेटंट वाक्य. वहिनीनं कधी उलट उत्तर दिलं नाही. मला त्याचाच राग यायचा. भांडली असती तर निदान आमची करमणूक झाली असती.

मग साथ आली. रस्ते ओस पडले आणि संध्याकाळी लोक खिडक्यांत उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आईनंही वाजवल्या.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"डॉक्टर-नर्ससाठी. जिवावर उदार होऊन राबतायत बिचाऱ्या."

"आपल्या घरातही एक आहे."

"तिचं वेगळं," आई म्हणाली आणि आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

वहिनी तेव्हा घरी नव्हतीच. आजार घरी येऊ नये म्हणून ती हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर राहत होती. आजार तरीही आला, आणि तो नेमका आईलाच झाला. दादानं गावभर फोन फिरवले. कुठंच जागा नव्हती. शेवटी एक खाट मिळाली, ती वहिनीच्याच वॉर्डात. तिथल्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "आपल्या नातेवाइकाकडं आपण बघायचं नाही असा नियम आहे. पण इथं दुसरं आहेच कोण बघायला?"

पुढचं सगळं मला वहिनीनं फोनवर सांगितलं, तेही खोदून खोदून विचारल्यावर.

आई ऑक्सिजनचा मास्क सारखा ओढून काढत होती. डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. मास्क टिकला आणि बाई पालथ्या झोपल्या तर निभावेल, नाहीतर मशीनवर टाकावं लागेल. त्या दिवसांत मशीनवर गेलेलं माणूस घरी परत यायचं प्रमाण कोणी सांगत नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही.

वहिनी खाटेपाशी गेली. डोक्यापासून बुटापर्यंत पांढरं किट, तोंडावर दोन मास्क, वर वाफ धरलेला चष्मा. त्या अवतारात सगळी माणसं सारखीच दिसायची आणि सगळ्यांचे आवाज हंड्यातून आल्यासारखे यायचे. म्हणून एकमेकींच्या पाठीवर मार्करनं नावं लिहायची पद्धत होती. आई, मी आहे, असं ती म्हणणार, तेवढ्यात आईनं तिचा हातमोज्यातला हात धरला.

"बाई, माझी सून इथंच कामाला आहे. तिला माझ्याजवळ फिरकू देऊ नका. आयतीच सापडलेय मी तिला."

"नाही येऊ देणार," वहिनी म्हणाली. "पण मग मास्क काढायचा नाही."

आईनं मास्क लावला. वहिनीच्या पाठीवर मात्र नाव लिहिलेलं होतं, म्हणून ती आईकडं तोंड ठेवून उलट्या पावलांनी चालत वॉर्डाबाहेर गेली. वाटेत एका डॉक्टरांच्या पायावर पाय दिला. दुसऱ्या दिवसापासून तिनं पाठीवर नुसतं 'सिस्टर' लिहून घेतलं.

तिची एक जुनी सवय होती. पालथं झोपलेल्या माणसाला कोण आलंय ते दिसत नाही आणि अचानक हात लागला की ते दचकतं. म्हणून ती आधी त्याच्या डाव्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा टकटक करायची. म्हणजे, मी आलेय. मग बाकीचं. आईच्याही खांद्यावर ती तशीच टकटक करायची, पाठीवरून हात फिरवायची, पाणी पाजायची, भांडं द्यायची, पुसायची. आणि आई तेवढ्या वेळात, एका श्वासाला एक या बेतानं, सुनेबद्दल तक्रारी सांगायची.

"हातसुद्धा धुवत नाही हो."

"काय सांगता," वहिनी म्हणायची.

एक संध्याकाळ फार वाईट गेली. आईचा ऑक्सिजन उतरत चालला होता आणि ती घाबरून मास्कला हात घालत होती. वहिनीची ड्यूटी संपली होती. किटमध्ये पाणी पिता येत नाही की बाथरूमला जाता येत नाही, त्यामुळं ड्यूटी संपली की सगळ्या धावत बाहेर पडायच्या. ती आईचा हात धरून तिथंच उभी राहिली, ऑक्सिजन पुन्हा चढेपर्यंत. नंतर तिनं मला फोन केला आणि बराच वेळ नुसती रडली.

"सांगून टाकायचंस ना, मी आहे म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी मास्क काढला असता."

 

आई घरी आली ती एकाच बाईचं कौतुक घेऊन. ती सिस्टर अशी, ती सिस्टर तशी. खांद्यावर टकटक झाली की कसा जीव भांड्यात पडायचा. पुढं साथ ओसरल्यावर वहिनीही हॉस्टेलवरून घरी आली, तेव्हा तिलाही हे सगळं ऐकवण्यात आलं, "तिच्याकडून शिक जरा" या पुस्तीसह. दादा काहीतरी बोलणार होता. वहिनीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून कपडे वाळत घालायला गेला.

मग आईनं लोकर आणवली आणि त्या सिस्टरसाठी स्वेटर विणायला घेतला. मापाला वहिनीच उभी.

"अंगानं तुझ्याएवढीच आहे. पण उंच. हातही लांब. तू आपली बुटकी."

पालथ्या झोपलेल्या माणसाला सगळं जगच ताडमाड दिसत असणार. आईनं बाह्या चांगल्या वीतभर लांब धरल्या. स्वयंपाकघरात मी वहिनीला गाठलं. "अगं, किती दिवस हे?"

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना एक तरी नर्स आवडतेय."

मला तेव्हा आईचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती विणत होती.

स्वेटर झाला. "नीट पोचता कर," असं बजावून आईनं तो वहिनीकडं दिला. वॉर्डात एसीचा गारठा असायचा. वहिनी तो तिथं घालायची आणि निघताना लॉकरमध्ये ठेवायची. सगळं सुरळीत चाललं होतं, पण मी आईला त्याच हॉस्पिटलात तपासणीला नेलं त्या दिवशी डॉक्टर जागेवर नव्हते. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. समोरून वहिनी आली. अंगात तोच स्वेटर, बाह्या दुमडून कोपरापर्यंत आणलेल्या.

आई उठून उभीच राहिली. "तिला दिलाच नाहीस? माझ्या डोळ्यादेखत, तिच्या वस्तूवर..." पुढं ती बरंच बोलली. लोक बघायला लागले. "ढापलास!" हा शब्द तर टोकाच्या दारापर्यंत गेला असेल. बोलता बोलता तिला धाप लागली आणि ती खाली बसली, मान गुडघ्यांत घालून.

मी तोंड उघडलं होतं. वहिनीनं मला हातानं थांबवलं. ती बाकाच्या मागं गेली आणि आईच्या डाव्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा टकटक केली.

 आईनं मान वर केली नाही. मागं हात नेऊन तिनं ती बोटं पकडली आणि बराच वेळ धरून ठेवली. सॅनिटायझरनं त्यांची सालं निघालेली होती. मग तिनं वहिनीला ओढून समोर आणलं, दुमडलेली बाही सोडली, लोंबणारी लांबी पाहिली.

"बाह्या लांब झाल्यात," आई म्हणाली.  "काढ. उसवून देते."

"राहू द्या, आई. दुमडते मी."

आईनं दोन्ही बाह्या स्वतःच दुमडल्या.

संध्याकाळी वहिनी घरी आली. या वेळी स्वेटर अंगातच होता. ती दारात येऊन थांबली. इतक्या वर्षांची सवय, प्रश्न आल्याशिवाय तिचं पाऊल पुढं पडेना. आई खुर्चीतून तिच्याकडं बघत राहिली.

"ये की आत," आई म्हणाली. "का मीच येऊन टकटक करू?"