दुखत असणार

इस्त्रीवालीची ठमी सुई टोचली तरी रडायची नाही, जिन्यावरून पडली तरी रडायची नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, "पोर आहे का पोलाद!" आणि इस्त्रीवाली कौतुकाने फुलायची. फुलेल नाहीतर काय? स्वतःही त्यातलीच. मोठ्या लाँड्रीत दिवसभर चादरी दाबायच्या, बोट भाजलं तर पाण्यात बुडवायचं आणि पुढची चादर ओढायची. हूं की चूं नाही.

मग एकदा, चार वर्षांची ठमी लाँड्रीतल्या वाफेच्या पाइपाला टेकून गाणं म्हणत बसली होती. करपल्याचा वास आला म्हणून आईने आधी चादर पाहिली. चादर ठीक होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं. दुखणं कळवणाऱ्या नसांच्या पेशी बाळ पोटात असतानाच वाढतात, पण जगायला त्यांना एक प्रथिन लागतं. ते धरून घ्यायचा भाग पेशीच्या अंगावर असतो, आणि तो कसा घडवायचा हे एका जनुकात असतं. ठमीचं तेच जनुक बिघडलेलं. म्हणून त्या पेशी जन्माआधीच मेल्या.

"म्हणजे ताटात वाढलेलं होतं, पण खायला तोंडच नव्हतं?" इस्त्रीवालीने विचारलं.

"अगदी तसंच."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," सोबत आलेल्या सासूबाई पटकन म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की जनुकाची बिघडलेली एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. दोन्ही आल्या तरच हे होतं. सासूबाई घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. तेवढंच एक सुख.

गेलेल्या पेशी परत येणार नव्हत्या. पोरीने आपलं आपणच लक्ष ठेवायला शिकायचं, नाहीतर साधी जखम चिघळून पाय जायचा. आई रोज संध्याकाळी तिला दिव्याखाली उभी करून, डागासाठी चादर बघावी तशी, टाचेपासून टाळूपर्यंत बघायची. "लागलं की सांगायचं," हे तर शंभरदा. ठमी मान डोलवायची आणि सांगायची नाही. आणि शाळा तोंडावर आलेली. तिथे कोण बघणार?

एका संध्याकाळी ठमीनेच आईचा हात धरला. बोटावर टपोरा फोड होता.

"हे दुखतं?"

"दुखतं तर."

"मग तू कुणाला सांगितलंस?"

इस्त्रीवालीने हात पदराआड घेतला. घ्या! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या दिवसापासून तिने बोलून दाखवायला सुरुवात केली. "आई गं, भाजलं." "कोपर आपटलं, दुखलं बाई." लाँड्रीतल्या बायका हसल्या, "म्हातारी झालीस गं!" हसू देत. घरी मात्र ठमी दरवेळी जवळ यायची, लाल झालंय का, सुजलंय का, रक्त आलंय का, सगळं निरखून बघायची.

शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत निरोप आला, या. ती हातातली चादर टाकून धावली. ठमी वर्गाच्या पायरीवर बसली होती, पायाला पट्टी.

"बुटातला खिळा वर आला होता," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "स्वतःहून आली हो माझ्याकडे. म्हणाली, बाई, मोज्याला रक्त लागलंय. मला दुखत असणार."

इस्त्रीवाली तिथेच पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. ठमीने आधी तिचे हात उलटसुलट करून पाहिले, मग पाय.

"कुठे लागलंय?" तिने विचारलं.